मिसळलेलं बियाणं : भंडारा ते नाकाडोंगरी

या ब्लॉगवर मी बहुतेक करून तळी, डोंगर, जुनी चर्चेस आणि खाण्याच्या जागा यांच्याबद्दल लिहिते. आजची सहल चाळीसेक वर्षांपूर्वीची आहे आणि ती मी हौसेनं केली नव्हती, एक चूक निस्तरायला केली होती. गेल्या आठवड्यात एका वाचक मुलीनं विचारलं, "नाकाडोंगरीकडे जायला कुठला महिना चांगला?" मी दोन ओळींचं उत्तर लिहायला बसले आणि हे सगळं बाहेर आलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी भंडाऱ्यात एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं, वाढले होते नागपुरात. धान मी पाहिलं होतं ते पोत्यात. वडिलांनी मला लहानपणापासून एक सवय लावली होती. सकाळी उठलं की प्रार्थनेत विचारायचं, "प्रभू, आज कोणासाठी?" आणि दिवस मावळायच्या आत घराबाहेरच्या एका तरी माणसासाठी काहीतरी करायचं. वडील एवढंच करायचे. मी त्यात स्वतःची भर घातली होती. जे केलं त्या तारखेवर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. एखादा चौकोन रिकामा राहिला की मला जेवण गोड लागायचं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात शेवंता आमच्या वॉर्डात आली. नाकाडोंगरीच्या पुढच्या एका टोलीवरची, लहानशा वस्तीवरची शेतकरीण. गोठ्याला आग लागली तेव्हा वासरू सोडवताना तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्याच आगीत बियाण्याच्या धानाची कणगीही गेली. तीन आठवडे मी तिचं ड्रेसिंग केलं. हाताबद्दल ती कधी कण्हली नाही. "बियानं गेलं जी," एवढंच अधूनमधून म्हणायची.

मला राहवलं नाही. रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर मी उभी राहिले आणि मंडळीला सांगितलं की पुढच्या रविवारी प्रत्येक घरानं आपापलं धान आणावं, थोडं का होईना. आमच्या मंडळीत आसपासच्या खेड्यांतली बरीच शेती करणारी घरं होती. लोकांनी खरोखर आणलं. कुणी पोटलीत, कुणी डब्यात, कुणी पदराच्या गाठीत. वेदीसमोर चटई अंथरलेली होती. तिथं मला ती कल्पना सुचली. इतक्या घरांचं प्रेम वेगवेगळ्या पोटल्यांत कशाला? मी एकेक पोटली सोडत गेले आणि सगळं एका राशीत ओतत गेले. पाळकसाहेबांनी राशीवर हात ठेवून प्रार्थना केली. माझे डोळे भरून आले होते. मग ते धान दोन पोत्यांत भरून मी स्वतः शेवंताला एस.टी.त बसवून दिलं आणि घरी येऊन कॅलेंडरवर नेहमीपेक्षा मोठी खूण केली.

हे झालं जूनमध्ये. ऑक्टोबरात, दसरा तोंडावर आला असताना, वॉर्डातल्या वच्छलाबाईंना मी ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगत होते. वच्छलाबाई आमच्याकडे आया होत्या, मूळच्या अड्याळच्या, घरची धानाची शेती. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "हलका होता का भारी?"

"वजनाला?"

"वजनाले काय करता! हलका धान लवकर होते, भारी धान उशिरा. कोनता देल्ला?"

"सगळा एकत्र केला होता आम्ही."

वच्छलाबाई खाटेवर बसल्याच. "एकत्र? बियान्यात? अवं माय! एक बांधी, आन् त्यात अर्धा धान आता पिकन, अर्धा दिवाळीच्या पल्याड. पिकला त्याले कापाले गेलं तं हिरवा तुडवते. हिरव्याची वाट पाह्यली तं पिकला तो झडून जाते, नाई तं पोपट खाते. पानी काढा म्हन्ते एक, पानी ठेवा म्हन्ते दुसरा. काहून केलं असं?"

शेवंताच्या घरात नवरा, सासू आणि दोन मुली. वर्षाचा भात त्या शेतात उभा होता, आणि तो मी माझ्या हातानं बिघडवला होता. त्या दिवशी माझ्या हातून दोन थर्मामीटर फुटले. मेट्रनबाईंनी चार दिवसांची रजा दिली ती बहुधा उरलेले थर्मामीटर वाचावेत म्हणून. वच्छलाबाईंनीही रजा टाकली. म्हणाल्या, "तुमाले धान आन् गवत यातला फरक समजते काय? मी येतो."

सकाळच्या बसनं निघालो. भंडाऱ्याहून उत्तरेला तुमसरचा रस्ता तेव्हा अरुंद होता, समोरून बैलगाड्या आल्या की बस खाली उतरून उभी राहायची. दोन्ही बाजूंना धानच धान. तुम्ही गेलात तर खिडकीजवळ बसा, ऑक्टोबरात हा रस्ता डोळे निववतो. माझे मात्र निवत नव्हते. प्रत्येक बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर, एकसारखी होती. ही सगळी पिवळी, ती सगळी हिरवी. आतापर्यंत मला हे शेतांचे रंग वाटायचे, आज पहिल्यांदा कळत होतं की त्यामागे कुणीतरी बियाणं निवडून ठेवलेलं असतं.

पुढच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"यंदा हलका बरा झाला तुया."

"झाला, पन दोन दिवसांत कापला नाई तं सारा खाली."

मी वच्छलाबाईंचं मनगट धरलं. "दोन दिवसांत म्हणतायत."

"आयकलं मी. हात सोडा, बांगड्या फुटन."

मोहाडीला बाजाराचा दिवस होता. तिथं उतरून आम्ही दोन विळे घेतले. ही वच्छलाबाईंची कल्पना. "रिकाम्या हातानं रडत जाऊन काय करता?" त्यांनी विळ्याची धार अंगठ्यावर तपासली, लोहाराशी घासाघीस केली आणि एक मला दिला. तो कसा धरायचा हे मला माहीत नव्हतं, म्हणून टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला. बाजारात गरम आलुबोंडे होते. त्यांनी चार खाल्ले, मी एक हातात घेऊन बसले आणि तो गार झाला. बसमध्ये मी शेवंतापुढे बोलायची वाक्यं मनात जुळवत होते. "शेवंता, माझ्याकडून अजाणता..." इथपर्यंत ठीक जमायचं. पुढे काही सुचायचं नाही.

तुमसरला बस बदलली. धानाची मोठी बाजारपेठ आहे ती. गावात शिरताच कोंड्याचा वास येतो. स्टँडजवळच्या खानावळीत भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याची भाजी मिळाली. पैसे किती दिले ते आठवत नाही, स्वस्त होतं एवढं नक्की, आणि दुसऱ्यांदा भात वाढायला मालकाला सांगावं लागलं नाही. मी तो भात ताटात नुसता चिवडत बसले. माझ्यामुळे कुणाच्या ताटात तो येणार नसेल, हा विचार डोक्यातून जाईना. वच्छलाबाई म्हणाल्या, "जेवा. उपाशी मानूस कामाचं नाई."

तुमसरच्या पुढे रस्त्याचा चेहराच बदलतो. जंगल जवळ येतं, मोहाची आणि तेंदूची झाडं, आणि मधूनच मँगनीजच्या खाणींकडून येणारे ट्रक. रस्त्याकडेची पानं काळसर धुळीनं माखलेली होती. पांढरं लुगडं नेसून या रस्त्यानं जाऊ नका, मी गेले होते. नाकाडोंगरीला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. शेवंताची टोली तिथून कोसभर आत. वाट विचारली तर चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "कोनती शेवंता? हात जळला ते? जिच्या बांधीत खिचडी उगवली ते?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. वच्छलाबाई पुढे चालू लागल्या म्हणून मीही चालले. एका बोडीच्या, छोट्या तळ्याच्या काठाकाठानं वाट होती, पाण्यात कमळं होती, एरवी मी तिथं थांबून फोटो काढला असता.

मग ते शेत दिसलं. खालची बांधी एकसारखी हिरवी आणि वरची, मोठी, नुकते केस पिकायला लागलेल्या माणसाच्या डोक्यासारखी. हिरव्यात जागोजागी पिवळ्या लोंब्या वाकल्या होत्या, काही उंच, काही बुटक्या. वरून पोपटांचा थवा उतरत होता. शेवंता आणि तिचा नवरा लक्ष्मण घोट्याभर पाण्यात उभे राहून एकेक पिकलेली लोंबी विळ्यानं खुडत होते आणि कमरेला बांधलेल्या फडक्यात टाकत होते. अख्ख्या बांधीत दोन माणसं.

शेवंतानं मान वर केली. "सिस्टर? अवं माय, सिस्टर आली!" ती तशीच चिखलाच्या पायांनी बांधावर आली. मी तिचा हात आधी पाहिला. कातडी गुलाबी झाली होती, बोटं नीट वळत होती. मग मी जुळवलेली वाक्यं विसरले आणि सरळ म्हणाले, "शेवंता, बियाणं मी मिसळलं. मला माहीतच नव्हतं. तुझं वर्ष वाया घालवलं मी."

"मले ठावं होतं जी," ती म्हणाली.

"कधी कळलं? रोवणीनंतर?"

"जूनातच. पोतं सोडलं आन् मूठ भरून पाह्यलं. बारीक दाना, जाडा दाना, वासाचा चिन्नोर बी होता त्यात. ज्याची शेती हाय त्याले दिसतेच ना जी."

"मग पेरलंस कशाला?"

"माहेरून आलं ते खालच्या बांधीपुरतं होतं. गावात ज्याचं त्याले पुरत नव्हतं. वरची पडीत ठेवाची का?"

"पण मला सांगायचं तरी!"

शेवंता जरा हसली. "सांगतलं असतं तं तुमी रडल्या असत्या. मंग मले तुमची समजूत काढा लागली असती. मले येळ नव्हता जी. पऱ्हे टाकाचे होते, रोपं कराची होती."

हे तिनं लागेल असं म्हटलं नाही, आहे तसं म्हटलं. आणि खरंच रडायला आलं होतं, ते गिळलं.

लक्ष्मण काम न थांबवता, आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "पुढच्या बारीले पुन्य कराच्या आंधी इचारत जा, सिस्टर. आमी मुके नाई."

"वा, पाव्हन्यासंगं असं बोलते का?" शेवंता करवादली.

"बोलू दे त्यांना," मी म्हणाले. वच्छलाबाईंनी तोपर्यंत लुगडं वर खोचलं होतं आणि पिशवीतून विळे काढले होते.

पुढचे दोन दिवस आम्ही लोंब्या खुडल्या. वाचायला हे छान वाटत असेल, करायला नाही. पाणी काढून टाकता येत नव्हतं, कारण हिरव्या धानाला ते हवं होतं. पाऊल टाकताना हिरवी रोपं चुकवायची, वाकून पिकली लोंबी शोधायची, ती झटका न देता कापायची, नाहीतर दाणे पाण्यात. पहिल्या तासात मी तीन हिरव्या लोंब्या कापल्या आणि प्रत्येक वेळी कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. पाहिलं होतं. शेवंताची सासू बांधावर बसून पोपट हाकलत होती. तिथून ओरडली, "ते सुई टोचनारीले सांगा, पिवळं म्हन्जे पिवळं!"

प्रत्येक पावलाला मला पाण्यावर तरंगणारे झडलेले दाणे दिसायचे. किती गेलं, किती राहिलं, मी मनातल्या मनात अंदाज बांधत राहायची आणि अंदाज दर वेळी वाईटच निघायचा. मी सतत शेवंताला विचारायची, "वाचेल ना?" तिसऱ्या-चौथ्यांदा ती म्हणाली, "सिस्टर, तुमी कापा. वाचते का नाई ते कापल्यावर दिसन." दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना मीही असंच सांगत असे. त्यांना कसं वाटत असेल ते मला तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोलीवरच्या पाच-सहा बाया आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. प्रत्येकीच्या घरचं धान उभं होतं, तरी एकेक प्रहर काढून आल्या. एकीनं शेवंताला विचारलं, "तुयी पोटुशी गाय सांभाळाले कवा येऊ? आज येऊ का दोन दिवसांनी?" दुसरीनं विचारलं, "वरून धरू का खालून?" लक्ष्मणनं सांगितलं, खालून. ती खालून लागली. प्रत्येक बाई आधी विचारत होती आणि मगच हात लावत होती. इतकी साधी गोष्ट मी सत्तावीस वर्षांत पाहिलेली नव्हती असं नाही, पण तिच्याकडे लक्ष गेलं ते तेव्हाच.

दुपारी बांधावर जेवण. भात, आंबट आंबील, जवसाची चटणी आणि बांधीतल्याच पाण्यात धरलेल्या बोटभर मासोळ्यांचा रस्सा. जेवायच्या आधी मी डोळे मिटले तेव्हा सगळ्या बाया गप्प बसल्या. माझं संपल्यावर शेवंतानं विचारलं, "काय मांगतलं?"

"तुझी बांधी वाचावी."

"मंग ठीक हाय," असं म्हणून तिनं मला आणखी एक मासोळी वाढली.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिवळी लोंबी दिसेनाशी झाली. अंगणात रास छोटीच होती, पोत्याच्या वर थोडी. हिरवं अजून उभं होतं आणि त्याला महिनाभर वाऱ्यापावसातून जायचं होतं. लक्ष्मणला विचारलं तर म्हणाला, "पाहू." निघताना माझं मन काही हलकं झालं नव्हतं. मी त्याला पुन्हा हात जोडले. तो म्हणाला, "विळा ठेवून जा. तुमाले कायले लागते?" मी ठेवला.

शेवंता बसपर्यंत पोचवायला आली. तिच्या डोक्यावर एक गाठोडं होतं, ते तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. सोडून पाहिलं तर धान. सगळे दाणे एकसारखे, जाडसर, पिवळे.

"हे काय? तुलाच कमी पडेल."

"हा साफ हलका हाय. लोंबी लोंबी खुडली ना आपन, म्हनून वेगळा झाला. भेसळ नाई एक दाना. तुमच्या चर्चमंधी ठेवा. पुढच्या बारीले कोनाचं बियानं गेलं तं हे द्या."

मी नको नको म्हणत होते. वच्छलाबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "घ्या मुकाट्यानं. देनाऱ्याचं मन मोडू नका, तुमचं तिनं मोडलं नव्हतं."

बस सुटली. येताना पाहिलेलीच शेतं होती, तोच काळ्या धुळीचा रस्ता, पण गाठोडं मांडीवर असल्यामुळे मला हलताही येत नव्हतं. भंडारा येईपर्यंत मी रविवारचीच काळजी करत होते, कारण मंडळीपुढे उभं राहून सांगायचं होतं.

रविवारी सांगितलं. लोकांच्या भक्तिभावाला मी चूक म्हणतेय असं वाटेल अशी भीती होती. उपासना संपल्यावर मागच्या बाकावरचे योहानकाका जवळ आले. सत्तरीचे, जन्मभर धान पिकवलेले. हळूच म्हणाले, "मी पाह्यलं होतं, बाई. तुमी ओतत होत्या तवाच पाह्यलं. पन प्रार्थना चालू होती. अन् तुमी इतक्या खुशीत होत्या." त्यांनाही जूनपासून झोंबत असावं.

थंडीत शेवंता हात दाखवायला आली. भारी धान झालं होतं, नेहमीपेक्षा कमी. "उपास नाई पडला," ती म्हणाली. पुढच्या जूनमध्ये एका घराचं बियाणं खरोखर कमी पडलं, तेव्हा ते गाठोडं घेऊन गेले. दारातच विचारलं, "हलका चालेल का? की भारी हवाय?" घरधनी चकित होऊन म्हणाला, "हलकाच पाह्यजे होता जी. तुमाले कसं ठावं?" मला ठावं नव्हतं, म्हणूनच विचारलं होतं.

तर त्या वाचक मुलीला उत्तर: ऑक्टोबरात जा. आता रस्ते रुंद झाले आहेत, बसची वेळ आधी विचारून घ्या, पायात चिखल चालेल असं काहीतरी घाला. आणि कुणाच्या बांधीत उतरायचं झालं तर बांधावरून आधी हाक मारा.

लाल पेन्सिल मी त्याच वर्षी सोडली. ते कॅलेंडर मात्र ट्रंकेत आहे, जूनमधल्या त्या मोठ्या खुणेसकट. आता गुडघे दुखतात, फार लांब जाणं होत नाही, माझं "आज कोणासाठी?" बहुतेक आमच्याच गल्लीत संपतं. तरी रोज सकाळी प्रभूला ते विचारते. मग चपला घालते, ज्याचं नाव मनात आलं त्याच्या दाराशी जाते, आणि त्यालाही विचारते.